बुलेट गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: कुठून बघायला सुरुवात करायची

हे फक्त जुन्या कास्ट आयर्न बुलेटबद्दल आहे, ३५० सीसी, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क), उजव्या पायात गिअर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेली असेल तर यातलं अर्धंच लागू पडेल.

आधी लक्षणं. सकाळी थंड गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते, आयडलिंग झकास, ठोके एकसारखे. दहा-पंधरा किलोमीटर काहीच त्रास नाही. मग चढ लागतो किंवा सिग्नलला जरा जास्त वेळ उभं राहावं लागतं, गाडी अडखळायला लागते, सायलेन्सरमधून एखादा फटाका वाजतो आणि बंद. मग किती पण किक मारा, घामानं शर्ट भिजतो पण गाडी दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की पहिल्या किकला चालू, जणू काही झालंच नव्हतं. आणि यावेळी मात्र ती पंधरा किलोमीटर जात नाही, पाच-सहालाच थांबते, कारण इंजिन आधीच तापलेलं असतं. हे सगळं जुळत असेल तर पुढं वाचा. थंडच चालू होत नसेल किंवा फक्त पावसात बंद पडत असेल तर तो वेगळा विषय आहे. आणि चालता चालता मागचं चाक जाम होऊन बंद पडली असेल तर यातलं काहीही करत बसू नका, थेट शेवटी मिस्त्रीबद्दल लिहिलंय तिथं जा.

बंद पडताना गाडी कशी बंद पडली ते लक्षात ठेवा, यावरच पुढचं निम्मं काम होतं. बटण दाबल्यासारखी एकदम बंद झाली तर बहुतेक करंटचा घोळ. पेट्रोल संपल्यासारखी हळूहळू ओढत, धक्के देत बंद झाली आणि चोक ओढल्यावर थोडी सावरली तर पेट्रोलचा. आणि ओढच कमी होत गेली, बंद पडल्यावर किक नेहमीपेक्षा हलकी लागली तर कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा. शंभर टक्के असं नसतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आता माझा अनुभव सांगतो कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. काकांची ७८ सालची बुलेट मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून उभी केली, बोअर केलं, टाकी रंगवली, वायरिंग सगळं नवीन. पहिल्यांदा कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघालो आणि वाघबिळाच्या चढाला बंद. रस्त्याच्या कडेला कार्बोरेटर उघडला, जेट फुंकली, फ्लोट हलवून बघितला, परत बसवला, किक मारली, चालू. मला वाटलं कचरा होता, निघाला. पुढच्या रविवारी परत तिथंच बंद, परत कार्बोरेटर, परत चालू. तिसऱ्या रविवारी पण तेच. तेव्हा कुठं डोक्यात आलं की कार्बोरेटर उघडून साफ करून बसवायला मला पंचवीस मिनिटं लागतायत आणि इंजिन थंड व्हायला पण तेवढाच वेळ लागतोय. म्हणजे मी कार्बोरेटरला हात न लावता नुसता चहा घेत बसलो असतो तरी गाडी चालू झाली असती! खरा दोष कंडेन्सरमध्ये होता, म्हणजे पॉइंटवर ठिणगी उडू न देणाऱ्या छोट्या डबीत. त्यानंतर मित्रांच्या, पाहुण्यांच्या, गल्लीतल्या कितीतरी बुलेटमध्ये हाच फॉल्ट काढलाय आणि प्रत्येक वेळी समोरच्यानं आधी दोन-तीनदा कार्बोरेटर खोललेला असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं फार मोलाची आहेत. फॉल्ट त्या वेळी हजर असतो. गाडी थंड झाली की सगळं व्यवस्थित दिसतं आणि घरी आणून शेडमध्ये तपासली की काहीच सापडत नाही. तेव्हा टूलबॉक्समध्ये एक चालू असलेला जादा प्लग, प्लग पाना, बारीक स्क्रू ड्रायव्हर, सुकं फडकं, पाण्याची बाटली आणि एक जादा कंडेन्सर कायम ठेवा. आणि मुद्दाम गाडी तापवायला जा, घरापासून जवळच्या एखाद्या चढावर, म्हणजे ढकलत आणायची वेळ आली तरी चालेल.

बंद पडल्या पडल्या, एक पैसा खर्च न करता

पहिलं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मिनिटभरानं गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे, नाही आली तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि धार बारीक होत होत थांबते. रिस्टोर केलेल्या गाडीत हे हमखास होतं कारण झाकण क्रोमला दिलेलं असतं किंवा आतला रबर नवीन टाकलेला असतो आणि भोक कुणी बघितलेलं नसतं. बारीक तारेनं मोकळं करा, संपलं. फक्त एक, तापलेल्या इंजिनवर पेट्रोल सांडू देऊ नका आणि आसपास कुणी विडी-सिगरेट ओढत नाही ना बघा.

दुसरं, डिकॉम्पची केबल. डिकॉम्प म्हणजे किक सोपी जावी म्हणून कॉम्प्रेशन सोडणारा हेडवरचा छोटा वॉल्व. हँडलवरच्या लिव्हरला थोडा ढिलेपणा असलाच पाहिजे. केबल ताणून बसवली असेल तर थंडपणी वॉल्व बसतो पण हँडल वळवलं किंवा हेड तापलं की किंचित उचलला जातो आणि कॉम्प्रेशन निसटतं. किक मारताना हेडजवळ फुस्स असा आवाज येत असेल तर आधी इथं बघा. नवीन केबल टाकल्यावर हे जास्त होतं.

तिसरं, गाडी बंद असताना चावी चालूच राहते का? पॉइंट जुळलेल्या स्थितीत थांबले असतील आणि चावी ऑन असेल तर कॉइलमधून (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी ती) सलग करंट जातो, कॉइल तापते, बॅटरी उतरते. बरेच जण किक मारून दमले की चावी तशीच ठेवून फोन करत बसतात आणि एका फॉल्टचे दोन होतात. दम खायला थांबलात की चावी बंद.

मग प्लग

जुना प्लग जागेवरच राहू द्या. कॅप काढून जादाच्या प्लगला लावा, त्या प्लगची लोखंडी बाजू हेडच्या पात्यांना (फिन्सना), रंग नसलेल्या जागी घट्ट टेकवा, पेट्रोलपासून लांब, आणि डिकॉम्प ओढून किक मारा. जुना प्लग आत ठेवायचा कारण भोक उघडं असेल तर आतलं पेट्रोलचं मिश्रण बाहेर फेकलं जातं आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडताय. शिवाय तापलेला प्लग काढताना हात भाजतो ते वेगळंच. ठिणगी निळी, जाड, चट् चट् आवाज करणारी असेल तर इग्निशन ठीक आहे, पेट्रोल आणि कॉम्प्रेशनकडे वळा. पिवळी-लालसर, बारीक, मधेच गायब होणारी असेल किंवा अजिबात नसेल तर फॉल्ट करंटमध्ये आहे आणि आज कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

जादाच्या प्लगवर मस्त ठिणगी आली तर तो प्लग आत बसवून बघा, कदाचित जुना प्लगच तापल्यावर मरत असेल. गॅप ०.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. प्लग कॅप पण बदलून बघण्यासारखी वस्तू आहे, आतला रेझिस्टर तापल्यावर तुटल्यासारखा वागतो आणि वरून काहीच दिसत नाही. पैसे कमी लागतात म्हणून हे आधी.

अँपमीटर, जो सगळे शोभेचा समजतात

हेडलाइटच्या वरच्या डब्यातला छोटा काटा. कितीतरी रिस्टोर केलेल्या गाड्यांत तो जोडलेलाच नसतो, नुसता दिसायला बसवलेला असतो, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण रस्त्यावर कुठलंही मीटर न काढता निदान करायची सोय या गाडीत आधीपासून दिलेली आहे.

लाइट बंद, चावी ऑन, डिकॉम्प ओढून किक हातानं किंवा पायानं एकदम सावकाश खाली न्या आणि काट्याकडे बघा. पॉइंट जुळलेले असतात तेव्हा कॉइल करंट ओढते, काटा मायनसकडे जातो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. असा तो दोन्हीकडं हलला तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता ठीक आहे, आणि तरीही ठिणगी खराब असेल तर कंडेन्सर, कॉइल, प्लगची वायर, कॅप यातलं कायतरी आहे. काटा मध्यावरच थांबला, हललाच नाही, तर करंट पोचतच नाही: चावीचं स्विच, फ्यूज, एखादं कनेक्शन, बॅटरीची अर्थ (चेसिसला जाणारी वायर), किंवा पॉइंटवर तेल-कार्बन. काटा कायम मायनसलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा उघडतायत पण करंट दुसरीकडून बॉडीला जातोय. यात कंडेन्सर आतून शॉर्ट होणं पण आलं. कंडेन्सरची वायर क्षणभर सोडवून परत बघा, काटा हलायला लागला तर चोर सापडला.

काटा हलत नसेल तर रिस्टोरवाल्यांनी सगळ्यात आधी अर्थ बघावी. चेसिसला पावडर कोटिंग केलं की ते दिसायला भारी पण करंट अजिबात जाऊ देत नाही. अर्थची वायर कोटिंगवर बोल्ट करून टाकलेली असते, थंडपणी कशीतरी चालते, व्हायब्रेशननं सैल होते, तापते, बंद. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून लोखंड उघडं करा, वायर घट्ट आवळा, वरून ग्रीस. इंजिन ते बॅटरी अशी एक वेगळी वायर टाकली तर आणखी चांगलं.

पॉइंट, कंडेन्सर, कॉइल

सिलिंडरच्या मागे, कार्बोरेटरच्या खाली पॉइंटचा गोल डबा आहे. झाकण काढा. पॉइंटची तोंडं करडी आणि सपाट असावीत. एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडला असेल, किंवा काळीनिळी जळलेली असतील, तर पॉइंट बदलून भागणार नाही, ते जळतात ते बहुतेक कंडेन्सरमुळे. पॉइंट उघडताना करंट उडी मारायला बघतो, ती उडी कंडेन्सर झेलतो. त्यानं झेललं नाही तर ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवर पडते. अंधारात झाकण काढून कुणालातरी किक मारायला सांगा, पॉइंटवर लख्ख मोठा प्रकाश दिसला तर कंडेन्सर गेला. किंचित बारीक ठिणगी चालते.

पॉइंटचा गॅप पूर्ण उघडलेल्या जागी ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गॅप कमी झाला तर पॉइंट जास्त वेळ जुळलेले राहतात, जास्त तापतात, आणि टायमिंग पण मागं जातं, म्हणजे इंजिन आणखी गरम. एका गोष्टीतून दुसरी निघते ती अशी. साफ केल्यावर कोरा कागद तोंडातून ओढून घ्या, फिलर गेजवरचं तेल पण तिथं राहू देऊ नका.

कंडेन्सर का तापल्यावरच मरतो? आत पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामधलं इन्सुलेशन गुंडाळलेलं असतं, जुनं झालं की गरमीत त्यातून करंट गळायला लागतो, थंड झालं की परत धरतं. आणि तो बसवलाय कुठं तर सिलिंडरच्या मागे, जिथं सगळी ऊब जाते. ही गाडी १९५५ पासून मद्रासला बनत आली, पॉइंटची पद्धत कितीतरी वर्षं तीच राहिली, त्यामुळं कंडेन्सर आजही कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, स्वस्तात मिळतो. पण नवीन म्हणजे चांगला असं धरून चालू नका. मी एकदा आणलेला नवा कोरा कंडेन्सर दुसऱ्याच दिवशी गेला आणि मी नवीनच आहे म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही, आठवडाभर कॉइल, वायरिंग, चावी सगळं उलटंपालटं केलं. आता दोन आणतो, एक लावतो, दोनेक तास गाडी चालवून खात्री करतो, मग दुसरा लावून तोही तपासतो आणि टूलबॉक्समध्ये ठेवतो. मागच्या काही गाड्यांत मी कंडेन्सर त्या डब्यातून काढून वायर लांबवून हवा लागेल अशा जागी लावलाय. अट एकच, त्याचं भांडं उघड्या लोखंडाला घट्ट अर्थ झालं पाहिजे.

कंडेन्सर बदलून पण तेच झालं तर कॉइल. गाडी बंद पडल्यावर चावी बंद करून कॉइलला हात लावा, चटका बसेल इतकी तापली असेल तर संशय पक्का. ओलं फडकं पाच मिनिटं कॉइलवर गुंडाळा, कनेक्शनवर पाणी जाऊ देऊ नका, बाकी कशाला हात लावू नका. गाडी चालू झाली तर दोष कॉइलचा, कारण इंजिन तर अजून तापलेलंच आहे, थंड फक्त कॉइल झालीय. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची टेस्ट दुसरी नाही.

इथंच एक गोष्ट जोर देऊन सांगतो. जुनी गाडी ६ व्होल्टची असते आणि लाइट चांगला लागावा म्हणून आपण १२ व्होल्ट करतो, बॅटरी बदलतो, बल्ब बदलतो, हॉर्न बदलतो आणि कॉइल तीच राहते. दुप्पट व्होल्टेजला करंट दुप्पट आणि उष्णता चौपट. गाडी चालते, उलट सुरुवातीला ठिणगी जोरदार पडते म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि पंधरा किलोमीटरला कॉइल शिजते. कॉइलवर काय छापलंय ते वाचा. पुसलं गेलं असेल तर मल्टिमीटरनं दोन बारीक टर्मिनलमधला रेझिस्टन्स बघा, १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ४ ओहम असतो, ६ व्होल्टच्या कॉइलला त्याहून बराच कमी.

ठिणगी चांगली आहे, तरी बंद

आता पेट्रोल, आणि हे इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघड्यावर. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा, कॉक उघडा, दोन-तीन मिनिटं धार सलग राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब असेल तर कॉकच्या जाळीवर गंज बसलाय. टाकी बाहेरून आरशासारखी रंगवलेली आणि आतून तांबेरा, हे मी नेहमी बघतो. टॉर्च लावून आत बघा. जुन्या रबरी नळ्या हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगतात, मऊ पडतात, त्या बदलून टाका, नळी इंजिनला चिकटून गेलेली नसावी.

कार्बोरेटर आणि हेडच्या मधे उष्णता अडवणारं जाड पॅकिंग असतं, ते हरवलं म्हणून पातळ कागदी पॅकिंग टाकून भागवलेलं असतं. मग हेडची गरमी सरळ कार्बोरेटरला आणि पेट्रोल वाटीतच उकळायला लागतं. त्याच जॉइंटला हवा ओढत असेल तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. आयडलिंगवर तिथं साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा, आवाज बदलला तर गळती आहे. स्प्रे मारू नका, तापलेल्या इंजिनवर पेट घेऊ शकतो.

टॅपेट, म्हणजे वॉल्व उचलणाऱ्या पुश रॉडचा ढिलेपणा, तपासायला पैसे लागत नाहीत पण रात्रभर थंड झालेलं इंजिन लागतं. उजव्या बाजूचं एका नटाचं कव्हर काढा, प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशनवर एकदम वर आणा. दोन्ही पुश रॉड बोटांनी सहज फिरल्या पाहिजेत आणि वर-खाली अजिबात खेळायला नकोत. आवाज येतो म्हणून बरेच जण जरा जास्तच आवळतात. मग तापल्यावर वॉल्व पूर्ण बसत नाही, एक्झॉस्टचा खास करून, कॉम्प्रेशन जातं, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, आणि तसंच चालवत राहिलात तर वॉल्व जळतो. थोडा टकटक आवाज चालेल, घट्ट टॅपेट चालणार नाही.

टायमिंग शेवटी ठेवलं कारण ते चुकलं तर सगळंच चुकतं. ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं मिटलेल्या स्थितीत, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी असताना पॉइंट नुकते उघडायला पाहिजेत. पॉइंटमध्ये सिगरेटचा पातळ कागद धरून हलकं ओढत राहा, जिथं सुटेल तिथं उघडले. त्याच वेळी ॲडव्हान्सची वजनं हातानं फिरवून सोडा, स्प्रिंगनं झटकन परत आली पाहिजेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ती गंजून अडकतात, ठिणगी कायम उशिरा पडते, बेंड पाइप निळा-जांभळा होतो आणि चढाला गाडी तापून मरते.

इथं थांबा, मिस्त्रीकडे न्या

तापल्यावर किक हलकी नाही तर जड लागते, किंवा चाक जाम झालं, तर पिस्टन धरतोय. थंड झाल्यावर फिरतंय म्हणून परत चालवू नका, बोअर आणि पिस्टन दोन्ही जातील. नवीन बोअरच्या गाडीत हे जास्त होतं, पिस्टनचा क्लिअरन्स कमी ठेवला असेल तर. हे घरी मोजायचं काम नाही, बोअर गेज लागतो.

तेल डिपस्टिकवर बरोबर आहे पण रॉकरच्या तेलाच्या पाइपचा बोल्ट किंचित ढिला केल्यावर चालू इंजिनला तेल पाझरत नाही, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. पंप किंवा तेलाचा रस्ता बंद आहे. तेलात चकाकणारा चुरा दिसला तरी तेच.

टॅपेट बरोबर, डिकॉम्प ढिला, तरी गरमपणी कॉम्प्रेशन नाही, तर हेड उतरवून वॉल्व सीट आणि गाईड बघावं लागेल. मी हेड स्वतः उतरवतो पण सीटचं काम उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडेच देतो, ते यंत्राचं काम आहे. आणि वायरिंगमधून जळका वास किंवा धूर आला तर बॅटरीची वायर आधी काढा, मग गाडी इलेक्ट्रिशियनकडे ढकलत न्या.

नेताना एका कागदावर लिहून द्या: किती किलोमीटरला बंद पडते, एकदम पडते की हळूहळू, त्या वेळी ठिणगीचा रंग कुठला, अँपमीटरचा काटा कुठं होता, किक जड की हलकी, झाकण उघडल्यावर काय झालं, काय काय बदलून झालंय. त्याच्याकडे गाडी पोचेपर्यंत थंड झालेली असेल आणि पहिल्या किकला चालू होईल, तेव्हा हा कागद हातात नसेल तर तो पण कार्बोरेटरच खोलेल.